तुला काय वाटतं?

दुकानातले स्टूल बैठकीच्या खोलीत आणून ठेवलेले नानांना दारातूनच दिसले, आणि तिन्ही मुले एकाच दुपारी कशी काय जमली, याचा उलगडा व्हायला दुसऱ्या कशाची गरज उरली नाही. खालच्या मजल्यावरच्या दुकानातली वस्तू वर घरात यायची नाही आणि घरातली खाली जायची नाही, हा नियम नानांच्या पत्नीने घातलेला होता. आणि ती जाऊन दोन वर्षे झाली तरी तो मोडण्याचे धाडस आजवर कुणी केले नव्हते. शिवणयंत्राच्या तेलाचा वास जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवून मगच माणसाने वर यावे, असे ती म्हणे.

"खुर्च्या कमी पडत होत्या, म्हणून आणलं," नानांची नजर कुठे गेली ते पाहून थोरला म्हणाला.

खुर्च्या कमी पडत नव्हत्या. खिडकीपाशी तिची वेताची खुर्ची रिकामी होती. मात्र त्या खुर्चीवर बसायचे नाही हे कुणीही न ठरवता ठरून गेलेले होते, तेव्हा थोरल्याचे म्हणणे अगदीच खोटे म्हणता आले नसते. तरीही, ज्या स्टुलावर बसून बापाने हयात काढली ते जागचे हलवायला आजचाच दिवस का सापडला, हा प्रश्न उरतच होता. नानांनी तो विचारला नाही. ते मुकाट्याने त्याच स्टुलावर जाऊन बसले आणि सवयीने कामाच्या बाकावर टेकण्यासाठी कोपर पुढे केले. पुढे बाक नव्हता. त्यांनी हात मांडीवर घेतला.

"चहा कुणाला बिनसाखरेचा?" धाकटी सून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"सगळ्यांनाच दे," तिचा नवरा, म्हणजे नानांचा धाकटा, म्हणाला. तो दातांचा डॉक्टर होता. "साखर खाल्लीत तर माझा धंदा वाढतो, पण आज सुट्टी आहे."

कुणी हसले नाही. तोही फारशा अपेक्षेने बोलला नव्हता.

"मुद्द्यावर येऊ या," ताई म्हणाली. मधली मुलगी वकील होती, आणि आपल्या गावाहून सकाळच्या गाडीने मुद्दाम आली होती. "दादा, तू सांग. आणि आवाज न चढवता सांग."

मुद्दा सगळ्यांना माहीत होता. गावातल्या शाळांचे गणवेश शिवणाऱ्या बाईंची यंत्रे नानांच्या दुकानात दुरुस्तीला येत. नाना जवान होते आणि त्या बाईंच्या सासूबाई कारखाना चालवत, तेव्हापासून येत. मागच्या महिन्यात त्यांतल्या एका यंत्राचा टाका सुटू लागला. थोरल्याने दुकानाच्या भिंतीवर एक तक्ता लावलेला होता. डाव्या बाजूला दोष, उजव्या बाजूला उपाय. तक्त्याप्रमाणे त्याने सुई बदलली. यंत्र परत आले. तक्त्यातला दुसरा उपाय म्हणून त्याने खालचा धागा ओवणाऱ्या शटलची वेळ नव्याने जुळवली. यंत्र पुन्हा परत आले. तक्ता चुकीचा होता असे नव्हे. बहुतेक यंत्रे त्या तक्त्याने सुधारत, आणि भराभर सुधारत, हे नानांनी कधीच नाकारले नव्हते. तक्ता संपल्यावर काय करायचे, एवढेच फक्त तक्त्यात नव्हते.

मग ते यंत्र नानांनी आपल्या बाकावर घेतले आणि धाकट्या सुनेला पुढे बसवले. ती जिथे नोकरी करत होती ते विमा कार्यालय वर्षापूर्वी बंद झाले, आणि घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा बरे म्हणून ती दुकानात काम शिकायला येऊ लागली होती. दुकानाचा जुना रिवाज असा, की स्क्रूड्रायव्हरला हात लावण्यापूर्वी यंत्राविषयी एक प्रश्न विचारायचा, आणि तोही असा की ज्याचे उत्तर नुसत्या 'हो'-'नाही'त भागणार नाही. यंत्र कधी चुकते, हे गिऱ्हाईक न विचारताच सांगत असते. ते कधी चुकत नाही, हे मात्र विचारावे लागते. नाना विचारीत गेले आणि सून शोधीत गेली. तेवढ्यात शाळा उघडायची वेळ जवळ आली, गणवेशवाल्या बाईंचा धीर सुटला, आणि त्यांनी आपली सगळी यंत्रे दुसऱ्या दुकानात हलवली. बिघडलेले तेवढे एक मागे राहिले. 'ते तुम्हीच ठेवा, त्याला प्रश्न विचारत बसा,' असे त्या म्हणाल्या होत्या. थोरल्याने हे वाक्य आता जसेच्या तसे सांगितले.

"आणि हे त्या आपल्या दुकानात उभ्या राहून, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या," तो म्हणाला. "मी काय बोलणार? बाई खरंच तर बोलत होत्या. मशीन म्हणजे काय पत्ते आहेत का, ओळखा पाहू कुठला म्हणायला?"

"आवाज," ताई म्हणाली.

"चढवत नाहीये. मी म्हणतो, दुकान मी चालवतो की नाही? मग चालवू द्या मला. नानांनी आता घरी बसावं. आयुष्यभर केलं, पुष्कळ केलं. आता आराम करावा."

"इथे एकटे बसून?" ताई म्हणाली. "तू खाली, याची बायको खाली, हा दवाखान्यात. त्यापेक्षा नानांना मी घेऊन जाते. आमच्या गॅलरीत दिवसभर ऊन असतं. खाली बाग आहे. समोरच वाचनालय आहे."

"चांगलं आहे की," थोरला म्हणाला. इतक्या लवकर इतका आधार मिळेल असे त्याला वाटले नसावे. "हवापालट होईल."

"त्यांच्या कवळीचं काम अर्धं राहिलंय पण," धाकटा म्हणाला.

"तिथे दातांचे डॉक्टर नाहीत का?"

"आहेत. पण बापाची कवळी फुकट करून देणारे कमी."

नाना ऐकत होते. त्यांच्या ऊनपाण्याची, दातांची, आरामाची इतकी बारीक व्यवस्था चाललेली होती की त्यात उणे काढायला जागा नव्हती. तिघांपैकी एकही मूल वाईट नव्हते. ते तसे असते तर गोष्ट सोपी झाली असती. फक्त एवढेच, की बोलणाऱ्यांच्या नजरा एकमेकांवर पडत होत्या, चहाच्या कपांवर पडत होत्या, कधी त्या रिकाम्या वेताच्या खुर्चीलाही चाटून जात होत्या. स्टुलावर मात्र पडत नव्हत्या. अलीकडे हे असेच चाले. जेवलात का, गोळी घेतलीत का, पंखा लावू का, असे लोक त्यांना दिवसभर विचारीत, आणि उत्तर येण्याच्या आत खोलीबाहेर गेलेले असत. ज्याच्या उत्तरासाठी विचारणारा थांबून राहतो, असा प्रश्न त्यांना कुणी विचारल्याला दोन वर्षे झाली होती. त्यांची पत्नी विचारत असे. नानांनी तिला काही विचारले की ती हातातले काम खाली ठेवी आणि म्हणे, 'आधी तुम्हाला काय वाटतं ते सांगा, मग मी माझं सांगते.' आणि खरोखरच थांबत असे.

"तिथे मी..." नानांनी सुरुवात केली. तिथे मी दिवसभर काय करू असे तुला वाटते, असे त्यांना ताईला विचारायचे होते. पण तोंडातून बाहेर पडणारे वाक्य पुन्हा प्रश्नच आहे हे ध्यानात येऊन ते थांबले.

"बघा, आता विचारणार," थोरला म्हणाला.

"प्रश्नोबा," धाकटा पुटपुटला. लहानपणी पाठीमागे ठेवलेले हे नाव तोंडावर उच्चारले गेले म्हणून तो थोडा ओशाळला, पण ताई मात्र आता हसली. आणि त्या हसण्यासरशी तिघे भावंडे अचानक एका बाजूची झाली.

"तुला आठवतं, तो आरशाचा?" ताई म्हणाली.

"विसरेन कसा?" धाकटा म्हणाला. "आरशात डावं-उजवं उलटतं, मग वरचं-खालचं का उलटत नाही? मी सातवीत होतो. आठवडाभर डोकं खाल्लं त्या आरशाने. केस विंचरायची भीती वाटायला लागली मला." तो नानांकडे वळला. "आता माझं बरं आहे. मी प्रश्न विचारतो तेव्हा माणसाच्या तोंडात माझे दोन्ही हात असतात. उत्तराची भानगडच नाही."

"मला मात्र फायदा झाला," ताई म्हणाली. "उलटतपासणीचा पहिला धडा काय देतात माहितीये? ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक नाही, असा प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही. बाकीच्यांना हे पाठ करावं लागलं. मी ते घरूनच शिकून गेले होते."

नानांनी मान वर करून मुलीकडे पाहिले. ती हे अभिमानाने म्हणत होती. बापाने आपल्याला नेमके हेच शिकवले, असे तिला वाटत होते. आणि ज्या गोष्टीसाठी नानांनी आयुष्यभर प्रश्न विचारले, तिच्या अगदी उलट टोकाला जाऊन ती उभी होती. यंत्र नीट उघडले आणि उलटे जोडले गेले, असे काहीसे त्यांना वाटले. पण ते कुठे उलटे जोडले गेले, हे बसल्या जागेवरून दिसत नव्हते.

"फायदा झाला म्हणे," थोरला म्हणाला. त्याचे हसू गेले होते. "तुम्ही दोघं बाहेर पडलात, फायदेच फायदे. मी खाली त्या बाकाशी बसलो यांच्यासमोर. रोज परीक्षा. इकडचा स्क्रू फिरवावा का? 'तुला काय वाटतं?' हे तेल चालेल का? 'का चालणार नाही असं वाटतं?' अरे, मला माहीत असतं तर विचारलं असतं का? यांना सगळं माहीत असायचं. पण सांगायचं नाही. गंमत बघायची."

"दादा, गंमत नाही म्हणता येणार..."

"तू थांब. तुला माहीत नाही." तो खिडकीकडे गेला आणि पाठ करून उभा राहिला. आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता. "तुझ्याच पाठीवर," धाकट्याकडे न पाहता त्याने हात केला, "हा व्हायचा होता तेव्हा आई दवाखान्यात होती. तू मावशीकडे होतीस. मी आणि हे. बाहेर पायऱ्यांवर बसलो होतो. आत लोकांची धावपळ चाललेली, मला काही कळत नव्हतं. नऊ वर्षांचा होतो मी. मी यांना विचारलं, आई परत येईल का? येईल म्हणायला काय लागतं? खोटं बोलायचं. कुठलाही बाप बोलला असता. हे म्हणाले, 'तुला काय वाटतं?'"

दारात ट्रे घेऊन आलेली धाकटी सून तशीच उभी राहिली.

"आई आली परत. हाही आला. सगळं ठीक झालं," थोरला म्हणाला. "पण त्या पायरीवर मला तेव्हाही परीक्षाच द्यायची होती. ते मी विसरलेलो नाही."

ताईने चष्मा काढून पदराच्या टोकाने पुसायला घेतला. हे तिला खरोखरच माहीत नव्हते. आतापर्यंत तिच्या डोक्यात गॅलरी आणि बाग होती. आता तिचे मन थोरल्याकडे ओढले गेले होते, आणि बापाकडे पाहणे तिला जड जात होते. "नाना," ती म्हणाली, "असं म्हणालात तुम्ही?"

"म्हणालो," नाना म्हणाले.

"बस," थोरला म्हणाला. "ज्याला त्याला समजलं असेल मी काय म्हणतो ते." मग तो धाकट्या सुनेकडे वळला, त्याला शेवटचा साक्षीदार हवा होता. "तूच सांग. त्या मशीनपायी तुला किती तंगवलं?"

"तंगवलं," ती ट्रे ठेवत म्हणाली. "मला रडू यायचं बाकी होतं."

"ऐका."

"पण मी एका ठिकाणी आले होते, दादा. ते मशीन आपल्याकडे एकदाही चुकलं नाही. तुम्ही चालवा, मी चालवा, जाड कापड घाला, पातळ घाला. टाका सुटतो तो फक्त त्यांच्या कारखान्यात. मग मी म्हटलं, तिथे जाऊन बघते, मशीनवर बसतं कोण ते बघते. तुम्ही म्हणालात, आपण मशीनं दुरुस्त करतो, माणसं नाही."

"मग काय चुकीचं म्हणालो?"

"ते मला माहीत नाही. तिथे जायचं राहिलं, तेव्हा माहीत व्हायचंही राहिलं." ती खाली सतरंजीवर, स्टुलाच्या समोर बसली. दुकानात ती नानांसमोर बसत असे तशीच. "नाना, एक विचारू?"

"विचार."

"त्या मशीनला काय झालंय, हे तुम्हाला माहीत होतं का?"

रिवाजाप्रमाणे हा प्रश्न कच्चा होता. 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात भागणारा होता. पण विचारून झाल्यावर ती थांबली. तिने ट्रेमधला कप उचलला नाही, नवऱ्याकडे पाहिले नाही. उत्तर येईपर्यंत ती तिथून हलणार नव्हती, हे तिच्या बसण्यातच दिसत होते. अशा थांबण्याची सवय मोडलेली असल्यामुळे नानांना बोलायला वेळ लागला.

"नाही," ते म्हणाले.

"काय नाही?" ताईने विचारले.

"मला माहीत नव्हतं. अजूनही नाही."

"मग विचारत कशाला होता तिला?" थोरला म्हणाला.

नानांना हा प्रश्न नीट समजला नाही. ते थोरल्याच्या पाठीकडे आणि मग बाकीच्यांकडे पाहत राहिले. "माहीत नव्हतं म्हणून," ते म्हणाले. "माहीत असतं तर विचारलं कशाला असतं?"

"एक मिनिट," धाकटा पुढे सरकला. "आरशाचं? ते माहीत होतं?"

"ते मला अजून पुरतं कळलेलं नाही. तू म्हणाला होतास, आरसा उलटवत नाहीच, आपणच स्वतःला वळवून बघतो. ते मला पटलं होतं. पण सगळं नाही पटलं."

"मी उत्तर दिलं तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत! नुसते बघत बसलात. मला वाटलं, चुकलं."

"मी विचार करत होतो."

"तितका वेळ?"

"अवघड होतं ते," नाना म्हणाले.

धाकटा हसायला लागला, आणि हसता हसता त्याला हसू आवरेना, आणि मग ते एकदम थांबले. ताई चष्मा हातातच धरून बसली होती. तिच्या मनात एकामागून एक लहानपणाची जेवणे उभी राहत असावीत: बापाने टाकलेला प्रश्न, तिने घाबरत दिलेले उत्तर, आणि त्यानंतरची ती बापाची लांबच लांब गप्पगप्प मुद्रा, जिचा अर्थ ती आयुष्यभर नापसंती असा लावत आली होती आणि जिला जिंकण्यासाठी ती वकील झाली होती.

"नाना," ती म्हणाली, "हे तुम्ही कधी सांगितलं का नाहीत?"

"काय?"

"की तुम्हाला माहीत नसायचं!"

नाना गोंधळले. जी गोष्ट दिव्यासारखी स्वच्छ आहे ती सांगायची कशी? माणूस विचारतो, त्याअर्थी त्याला ठाऊक नसते. याहून सरळ गोष्ट जगात कोणती होती? त्यांनी पन्नास वर्षे लोकांसमोर आपले न कळणे मांडले, उघड्या तळव्यावर ठेवून मांडले, आणि लोकांनी त्या तळव्याला झाकलेली मूठ समजून ती उघडण्याची धडपड केली. शिकाऊ पोरे आली आणि धास्तावून गेली. मुले मोठी झाली आणि लांब गेली. ज्यांना त्यांनी सोबतीला बोलावले ते सगळे परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले. एवढी माणसे भोवती असताना आपल्याला सतत एकटे का वाटे, याचा उलगडा त्यांना आज, या वयात, स्वतःच्या घरातल्या परक्या जागी ठेवलेल्या स्टुलावर बसून झाला. आणि तो अगदी साधा निघाला याचेच त्यांना वाईट वाटले.

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुमच्या आईला ठाऊक होतं."

धाकट्या सुनेने नवऱ्याला डोळ्यांनी खूण केली. तो उठला आणि कप गोळा करू लागला. कप अजून भरलेले होते. ताईने त्याच्याकडे पाहिले, मग खिडकीपाशी उभ्या असलेल्या थोरल्याकडे पाहिले, आणि तीही उठली. "चहा निवला," ती म्हणाली. "मी दुसरा टाकते." तिघेही आत गेले. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला, यायला हवा होता त्याहून थोडा मोठा.

थोरला वळला नाही. खालच्या रस्त्यावरून कुणी हातगाडी ढकलत नेत होते, तिचे एक चाक कुरकुरत होते. आणि ते कुठले, पुढचे की मागचे, हे दोघेही बापलेक नकळत कान देऊन ओळखू पाहत होते. गाडी कोपऱ्यावर वळून ऐकू येईनाशी झाली.

"आणि दवाखान्यात?" थोरल्याने विचारले.

"डॉक्टर मला काही सांगत नव्हते," नाना म्हणाले. "दोनदा आत जाऊन आलो. बाहेर व्हा म्हणाले. विचारायला दुसरं कुणी नव्हतं."

"मी नऊ वर्षांचा होतो, नाना."

"हो. पण तू सकाळी आत जाऊन तिला भेटून आला होतास. बायकांच्या खोलीत मला नव्हतं सोडलं. तू तिला बघितलं होतंस. मला वाटलं, तुला माझ्याहून जास्त कळलं असेल. मी तुझी परीक्षा घेत नव्हतो. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तू काही बोललाच नाहीस."

"मला बरोबर उत्तर येत नव्हतं."

"बरोबर नकोच होतं."

थोरल्याने खिडकीच्या चौकटीवर हात टेकला. त्याचे केस पाठीमागून विरळ झालेले नानांना आजच दिसले. दुकानात रोज समोरासमोर बसणाऱ्या माणसाची पाठ कधी पाहायला मिळत नाही.

"मग काय वाटलं होतं तुला?" नानांनी विचारले.

आतले भांड्यांचे आवाज थांबले. आतली माणसे ऐकत असावीत, किंवा ऐकू नये म्हणून स्तब्ध झाली असावीत.

"वाटलं होतं, येणार नाही," थोरला म्हणाला.

"मलाही," नाना म्हणाले.

एका पायरीवर शेजारी शेजारी बसून, एकच भीती दोन ठिकाणी ठेवून, त्या दोघांनी ती दुपार काढली होती. आणि पुढे आई घरी आली, बाळ आले, सगळे ठीक झाले, म्हणून त्या दुपारविषयी कुणी कुणाला काही विचारायचे कारणच उरले नव्हते. आज जिच्याविषयी ते बोलत होते ती खरोखरच येणार नव्हती. वेताच्या खुर्चीवर ऊन आले होते, आणि खुर्चीची सावली सतरंजीवर जाळीसारखी पडली होती.

थोरल्याने तोंडावरून हात फिरवला. मग तो आला आणि नानांच्या समोर उभा राहिला.

"उठा," तो म्हणाला.

नाना उठले. थोरल्याने स्टूल उचलून काखोटीला मारले. ते तो कुठे नेणार, अडगळीत की आणखी कुठे, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. दारापर्यंत जाऊन तो थबकला.

"आईला आवडलं नसतं, हे वर आणलेलं," तो म्हणाला. "तेलाचा वास येतो याला." तो जिन्याच्या दिशेने वळला, पण पायरी उतरला नाही. "उद्या सकाळी मशीन पोचवायला जावं लागणारच. त्यांनी ठेवा म्हटलं तरी आपलं थोडंच आहे ते? मशीनवर बसते त्या बाईला विचारू. तुम्ही या. तुमच्या सुनेलाही घेऊ."

"येतो," नाना म्हणाले.

"पण नाना, तिथेच का सुटत असेल टाका? सुई नवी, वेळ जुळवलेली, धागाही आपणच तपासला. तिथेच का?"

"मला माहीत नाही," नाना म्हणाले. हे त्यांनी मुद्दाम, आधी म्हटले. मग म्हणाले, "तुला काय वाटतं?"

थोरल्याने तोंड उघडले, आणि आयुष्यभराच्या सवयीने, बोलण्याआधी बापाच्या चेहऱ्याकडे पाहिले. बरोबर उत्तर तिथे कुठेतरी दडवलेले असणार, अशा नजरेने त्याने तो चेहरा शोधला. कपाळ, डोळे, ओठांची कड. तिथे काहीही दडवलेले नव्हते. एक म्हातारा माणूस तो काय म्हणतो याची वाट पाहत उभा होता.